एका लाईफमध्ये कॉन्ट्रा

माणसानं खोटं बोलायच्या आधी पुरावा भंगारात गेल्याची खात्री करून घ्यावी. मी घेतली होती. १९९५ साली सोलापूरच्या नवी पेठेतून आणलेला आमचा टीव्ही गेम भंगारवाल्यानं केव्हाच नेला, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीच्या जिवावर गेली चार-पाच वर्षं मी पोराला सांगत आलो, की तुझ्या बापानं एका लाईफमध्ये कॉन्ट्रा संपवला होता.

सांगायची वेळ त्यानंच आणली. पोरगं बारा वर्षांचं. मोबाईलवर कुठल्या कुठल्या गावच्या पोरांसोबत बंदुकीचा खेळ खेळतं, ‘कव्हर दे, कव्हर दे’ म्हणून घर डोक्यावर घेतं आणि मेलं की ‘नेट स्लो होतं’ म्हणतं. एकदा माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमच्या वेळी नेट नव्हतं बाळा, मनगट होतं." त्या वर्षी मी कॉन्ट्रा नुसता संपवला होता. पुढच्या वर्षी दोनदा संपवला. त्याच्या पुढच्या वर्षी एका लाईफमध्ये. आणि मागच्या दिवाळीत, पाहुण्यांच्या देखत, मी पहिली स्टेज डोळे झाकून पार केली. मेहुण्याच्या हातातला लाडू हातातच राहिला.

यंदा नवरात्राआधी घर धुवायला काढलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घर असं धुतात, की जणू तुळजापूरची भवानी स्वतः तपासणीला यायची आहे. गोधड्या, सतरंज्या, पितळी डबे, सगळं अंगणात. बायको शिडीवर चढून माळा रिकामा करत होती.

"अहो, हे लुगड्यात काय बांधलंय? फेकू का?"

"फेक," मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो.

त्या दिवसातला माझा तो शेवटचा शहाणपणाचा शब्द. गाठोडं खाली येईस्तोवर पोरानं गाठ सोडली होती. आत करड्या रंगाचा डबा, वायरीत वायरी अडकलेले दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि एक प्लॅस्टिकची बंदूक. मशीन माळ्यावर गेलं तेव्हा गाव उस्मानाबाद होतं. खाली उतरलं तेव्हा धाराशिव. तेवढ्या काळात गावाचं नाव बदललं, माझं वजन बदललं, पण पिवळ्या कॅसेटवर बॉलपेननं लिहिलेलं माझं नाव आणि ‘हात लावू नये’ ही सूचना होती तशीच होती.

"पप्पा! तुमचा कॉन्ट्रा!"

मला घाम फुटला.

आता तुमच्यापाशी लपवून काय उपयोग? मी कॉन्ट्रा संपवलेला नाही. त्यात आठ स्टेज आहेत. पहिलं जंगल, दुसरा शत्रूचा अड्डा, तिसरा धबधबा. त्या धबधब्यात माझ्या बालपणाचा जेवढा भाग वाहून गेला, तेवढा शाळेतही गेला नाही. अजूनही नळदुर्गला नर-मादी धबधबा बघायला गेलो, की माझा अंगठा आपोआप हवेत उडीचं बटण दाबतो. धबधब्याच्या पुढच्या स्टेजा मी ऐकून आहे. एकीत म्हणे बर्फच बर्फ आहे. असेल बाबा. आमचा बर्फाशी संबंध रसवंतीपुरता.

आणि हा दोष एकट्या माझा नाही. खेळ जिथं सोडला तिथून पुढं चालू करायची सोय त्या मशीनमध्ये नव्हतीच. लाईट गेली की पुन्हा पहिलं जंगल. उन्हाळ्याच्या सुट्टीत लाईट इतक्यांदा जायची, की आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्या पहिल्या जंगलातच लहानाची मोठी झाली. मारिओचंही तेच. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, असे बत्तीस. दर चौथ्या टप्प्याला किल्ला. जीव धोक्यात घालून किल्ला सर करावा, तर आतला छत्रीच्या आकाराच्या डोक्याचा माणूस नम्रपणे सांगतो की राजकन्या इथं नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं एकदा नाही, सातदा. आमचे आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, बदलीच्या कागदांसाठी कचेऱ्या हिंडलेले. त्यांनी एकदा माझ्यामागं उभं राहून तो प्रकार बघितला आणि म्हणाले, "हे कुण्यातरी सरकारी माणसानं बनवलंय."

पण त्या वयात कुणी ‘मी हरलो’ असं म्हणत नसतं. शाळेत मधल्या सुट्टीत प्रत्येकानं काल रात्री शेवटचा राक्षस मारलेला असायचा. फक्त तो मारताना साक्षीला कुणी नसायचं. राक्षस कसा दिसतो विचारलं तर एक जण म्हणायचा ‘डोकंच डोकं आहे’, दुसरा म्हणायचा ‘विंचू आहे’, तिसरा म्हणायचा ‘दिसतच नाही’. तिसऱ्याला आम्ही सगळ्यात जास्त मानायचो.

असो. मशीन खाली आलं होतं. माझ्या बाजूनं एकच गोष्ट होती: त्याचा अडॅप्टर गाठोड्यात नव्हता.

"अरेरे," मी म्हणालो. माझा चेहरा बघून बायकोला वाटलं मला खरंच वाईट वाटलं. "अडॅप्टर नाही म्हणजे काहीच नाही रे. असले अडॅप्टर आता मिळत नाहीत."

अडॅप्टर नाहीसा कसा झाला याला इतिहास आहे. मार्च १९९८ ला माझी दहावी. जानेवारीत आण्णांनी अडॅप्टर लपवला. मशीन शोकेसमध्ये डोळ्यांसमोर, कॅसेट डोळ्यांसमोर, आणि अडॅप्टर गुप्त. छळाची ही पद्धत मास्तर लोकांनाच सुचते. मी गव्हाची कोठी हात घालून ढवळली, देव्हाऱ्यामागं बघितलं, आण्णांच्या कोटाचे खिसे बघितले. तेव्हा मला घरात असलेल्या पण मला ठाऊक नसलेल्या बऱ्याच गोष्टी सापडल्या: आईनं साठवलेले पाचशे रुपये, माझ्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकाची ती प्रत जी हरवली असं मी सांगितलं होतं, आणि एक बिनसहीचं बदलीचं पत्र. अडॅप्टर नाही. परीक्षा झाल्यावर मागितला तर आण्णा शांतपणे म्हणाले, "कुठं ठेवला ते आठवत नाही." मी वर्षभर बोललो नाही त्यांच्याशी. म्हणजे खेळाबद्दल बोललो नाही. जेवायला वाढ वगैरे बोलत होतो.

पोरगं सरळ आजोबांकडे गेलं. "आण्णा, पप्पांच्या गेमचा अडॅप्टर कुठं आहे?"

"कशाचा? एलिमिनेटर होय? तो माझ्या रेडिओला आहे की."

सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं रोज सकाळी मी ज्या रेडिओवर आकाशवाणीच्या बातम्या ऐकत दाढी केली, तो माझ्याच अडॅप्टरवर चालत होता. अडॅप्टरच्या पाठीला व्होल्ट बदलायचं बटण होतं. आण्णांनी ते नवावरून सहावर सरकवलं होतं, एवढंच. मी दहावीत आण्णांचे सगळे खिसे बघितले, पण जी वस्तू घरात सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती तिच्यामागं बघितलं नाही.

"तेव्हा का नाही सांगितलं?"

"तू ‘रेडिओला आहे का’ असं कुठं विचारलंस? आणि पंचाहत्तर टक्के पडले की नाही?"

नऊ व्होल्टवर बटण सरकवलं. मशीनवरचा लाल दिवा लागला. सत्तावीस वर्षांनी, पहिल्या फटक्यात. दर दोन वर्षांनी बॅटरी फुगणारे मोबाईल बघितलेलं माझं पोरगं त्या दिव्याकडे हात जोडून बघत होतं आणि मी मनात त्या चिनी कारागिराला शिव्या घालत होतो.

पुढची आशा टीव्हीवर होती. आमचा टीव्ही भिंतीवरचा, सपाट, त्रेचाळीस इंची. मशीनची वायर म्हणजे एक पिवळी पिन, एक पांढरी. टीव्हीच्या पाठीमागं बॅटरीच्या उजेडात आम्ही बापलेक अर्धा तास भोकं मोजत होतो. पिवळं भोक नव्हतं. मी पुन्हा ‘अरेरे’ म्हणालो. दुकानात गेलो तर काउंटरमागच्या पोरानं मशीन उलटसुलट करून विचारलं, "काका, हा जुना सेट-टॉप बॉक्स आहे का?" मग मालकानं आतून एक काड्यापेटीएवढा डबा आणून दिला. एका बाजूला पिवळी-पांढरी पिन आणि दुसऱ्या बाजूला सपाट टीव्हीची. साडेचारशे रुपये. माझी बदनामी माझ्याच पैशानं विकत घेऊन मी घरी आलो.

तोवर पोरानं मोबाईलवर सगळी कुळी शोधून काढली होती.

"पप्पा, हे ओरिजिनल नाहीच."

"म्हणजे?"

ओरिजिनल म्हणजे जपानच्या निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’. तो बाजारात आला १५ जुलै १९८३ ला, म्हणजे कपिल देवनं लॉर्ड्सवर कप उचलून वीस दिवस झाले होते. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरनं तो घडवला, किंमत १४,८०० येन, आणि परदेशात ‘एनईएस’ या नावानं गेलेले धरून जगभर सहा कोटींहून जास्त विकले गेले. आमच्याकडे आली ती त्याची नक्कल. मीडिया, लिटल मास्टर अशा नाना नावांनी ती नक्कल भारतभर फिरली, आणि आमच्या पिढीच्या लेखी तेच अस्सल. जपानची कंपनी मूळ मशीन बनवायची थांबली २००३ साली, दुरुस्ती बंद केली २००७ ला. आमच्याकडे नकलेची दुरुस्ती कधी सुरूच झाली नव्हती, त्यामुळे बंद व्हायचा प्रश्न आला नाही. बिघडलं की पाठीवर एक चापट. माझ्या डब्याचे स्क्रू पोरानं उघडले तर आत निम्म्याहून अधिक डबा रिकामा, कोपऱ्यात तळहाताएवढी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडल्यासारखा एक काळा ठिपका. एवढ्यावर आमचं बालपण चाललं होतं.

"कंपनीच खोटी आहे पप्पा," पोरगं म्हणालं. त्याच्या आवाजात संशय नव्हता, पण मला तो ऐकू आला.

कॅसेटवर छापलं होतं ‘९९,९९,९९९ इन १’. पोरानं भागाकार केला. रोज एक खेळ खेळला तरी सत्तावीस हजार वर्षांवर पुरतील. प्रत्यक्षात खेळ होते पंधरा-वीस. तेच खेळ नाव बदलून, कपडे बदलून, मधल्याच स्टेजपासून सुरू होऊन पुन्हा पुन्हा यायचे. लग्नाच्या पंगतीत एकच आचारी तीच भाजी तीन नावांनी वाढतो तसं. पण १९९५ साली मला त्या आकड्याचा किती अभिमान! शेजारच्या गल्लीतल्या पोराकडे ९,९९९ वाली होती. मी त्याच्याशी जपूनच बोलायचो, गरिबाशी बोलावं तसं.

कॅसेट घातली. पडद्यावर राखाडी रांगोळी. मी तिसऱ्यांदा ‘अरेरे’ म्हणायला तोंड उघडलं, तोच शिडीवरून बायको म्हणाली, "फुंकर मारा की."

फुंकर! अख्ख्या देशात ही विद्या कुणी कुणाला शिकवली नाही, तरी प्रत्येकाला येत होती. कॅसेटच्या बुडाशी तोंड लावायचं, बासरीवाल्यासारखं डावीकडून उजवीकडं सरकायचं. आमच्या गल्लीत एक मुलगा तर नुसती फुंकर मारायला बोलावला जायचा. त्याला खेळायला मिळायचं नाही, पण मान होता. खुद्द निन्टेन्डो कंपनीच सांगून बसली आहे की फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलीनं पिना गंजतात. खरं तर कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना जागेवर बसतात, म्हणून ती चालते, श्रेय फुंकरीला. हे पोरानं वाचून दाखवलं आणि वर खोडरबरनं पिना घासल्या. पितळ चकचकीत उघडं पडलं. माझंही पडायला आता फार वेळ उरला नव्हता.

खेळ लागला. पण सपाट टीव्हीवर सगळंच बिनसलेलं. चौकोनी चित्र ताणून आडवं केलेलं, त्यामुळे मारिओ असा दिसत होता, की धाराशिवचे गुलाबजाम पंधरा दिवस खाऊन आलाय. बरं, उडीचं बटण दाबलं की तो जरा विचार करून उडी मारायचा, तोवर खड्डा आलेला. नवे टीव्ही आलेलं चित्र आधी ताणतात, गुळगुळीत करतात, मग दाखवतात. त्यात क्षणाचा उशीर होतो. सिनेमाला चालतो, मारिओला चालत नाही.

"बघितलंस?" मी हर्षानं म्हणालो. "लॅग आहे. ह्याच्यावर कसं खेळणार? नेट स्लो असतं ना तुझं, तसं आमचं हे."

बंदुकीनं तर कमाल केली. बदकं उडतात, आपण टीव्हीवर नेम धरून मारायची, तो खेळ. पोरानं नेम धरला, चाप ओढला, बदक तसंच. मी मारलं, तसंच. आण्णांनी मारलं, तसंच. शेवटी मी लहानपणीची युक्ती केली आणि नळी थेट काचेला टेकवली. तरी नाही. आणि दर फेरीला गवतातून ते कुत्रं वर येतं आणि तोंडावर पंजा धरून हसतं. १९८४ सालापासून हसतंय.

त्याचंही कारण पोरानं काढलं. मला लहानपणी वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीत जातं. उलट आहे म्हणे. बंदुकीतून काही निघत नाही, बंदूक बघते. चाप ओढला की पडदा एका पापणीपुरता काळा होतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत बसवलेल्या डोळ्याला त्याच वेळी तो उजेड दिसला तर बदक पडलं. जुन्या काचेच्या टीव्हीवर उजेड ठरल्या क्षणी यायचा. सपाट टीव्ही तो क्षणभर उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीनं डोळा मिटलेला असतो. म्हणजे बंदूक चांगली, टीव्हीही चांगला. दोघांचं वेळापत्रक जुळत नाही.

"मग जुना टीव्ही पाहिजे," आण्णा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. दहावीला अडॅप्टर लपवणारा माणूस सत्तराव्या वर्षी मला खेळायला लावत होता. "तेरला मावशीकडं आहे की."

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या संग्रहालयात सातवाहनांच्या काळच्या वस्तू आहेत, रोमशी व्यापार चालायचा त्याच्या खुणा आहेत, आणि मावशीचा टीव्ही त्यांच्या शेजारी ठेवला असता तर कुणी तिकीट परत मागितलं नसतं. एकवीस इंची, पाठीला केवढं मोठं पोक. त्याच्यावर लोणच्याची बरणी, गोरोबाकाकांचा फोटो आणि मावसभावाचं कुस्तीतलं बक्षीस. मावशी म्हणाली, "ने बाबा, पण बरणी ठेवायला काहीतरी आणून दे." तो टीव्ही उचलताना माझ्या कमरेतून जो आवाज आला तो मला पुढं दोन दिवस ऐकू येत होता. मावसभावाचा टेम्पो शेळ्या घेऊन धाराशिवच्या बाजाराला निघाला होता. उस्मानाबादी शेळी काळीभोर आणि जगप्रसिद्ध. गावाचं नाव बदललं, पण तिनं अजून बदललेलं नाही. अशा दोन शेळ्यांच्या मधोमध टीव्हीला मिठी मारून मी वाटभर बसलो. एक शेळी काचेत स्वतःचं रूप बघून सारखी ढुशी द्यायला येत होती. मी तिला अडवत होतो, का अडवत होतो देव जाणे. तिनं एक ढुशी दिली असती तर माझी अब्रू वाचली असती.

बातमी फुटलीच होती. संध्याकाळी दारात ‘सेकंड प्लेअर’ हजर. हा माझा शेजारचा दोस्त; आता कृषी सेवा केंद्र चालवतो, पण माझ्या लेखी त्याचं नाव तेच. मशीन माझं, म्हणून एक नंबरचा रिमोट नेहमी माझा. दोन नंबरच्या रिमोटला ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणंच नव्हती. खेळ सुरू करायचा अधिकार एक नंबरला, थांबवायचाही एक नंबरला. सेकंड प्लेअरनं फक्त मरायचं. शिवाय धबधब्याची स्टेज वर चढायची आहे: पुढं गेलेला वर चढला की पडदा वर सरकतो आणि मागं राहिलेला खालच्या खाली गायब होतो, एक लाईफ खलास. मी लहानपणी कायम पुढं असायचो. त्यानं मला हे कधी माफ केलेलं नाही. माझ्या लग्नात आहेर देताना सुद्धा कानात म्हणाला होता, "धबधब्यात थांबायला पाहिजे होतंस मर्दा."

त्यानं मला कोपऱ्यात ओढलं. "खरंच लावायलास का ते?"

"इलाज नाही. पोराला सांगून बसलोय."

"काय सांगितलंस?"

"एका लाईफमध्ये संपवला म्हणून."

त्याचा चेहरा पडला. "मी पण पोरीला तेच सांगितलंय."

त्याची पोरगी आणि माझं पोरगं एकाच वर्गात. दोघांनी आपापले बाप ताडून बघितले तर?

"असं करू," तो म्हणाला, "दोघांनी मिळून संपवला म्हणू."

"एका लाईफमध्ये?"

"दोघांच्यात एक."

मग त्यानं आवाज आणखी उतरवला. "तीस लाईफचं आठवतंय का?"

आठवतंय का! मला आधारचा नंबर आठवत नाही, बँकेचा पासवर्ड दर महिन्याला बदलून घ्यावा लागतो, लग्नाचा वाढदिवस बायकोच्या चेहऱ्यावरून ओळखावा लागतो. पण वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए आणि स्टार्ट, हे माझ्या बोटांना झोपेत येतं. पुण्याच्या कुणाच्या तरी मामेभावाकडून दिवाळीच्या सुट्टीत हा मंत्र आमच्या गल्लीत आला होता आणि पहिल्या दोन दिवसांत पाच पेरूंना एक या भावानं विकला गेला. तोवर आमच्याकडे जे पाठभेद चालू होते, त्यात एकात रिमोट तीनदा गुडघ्यावर आपटायचा होता. हा मंत्र बसवला कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी, तोही कॉन्ट्रासाठी नव्हे, १९८६ च्या ‘ग्रेडियस’ नावाच्या विमानाच्या खेळासाठी. तो खेळ तपासून बघताना त्यांना तो जमेना. म्हणून गुपचूप सोय करून ठेवली, आणि काढायची राहून गेली. हे वाचलं तेव्हापासून मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

रात्री साडेआठला जाजम टाकलं. टीव्ही स्टुलावर. शेजारपाजारचे जमले, १९८८ साली ‘महाभारत’ बघायला जमत तेवढे नाही, पण मावशीचा टीव्ही भरून वाहावा इतके. मशीन चालू केलं, आणि दुसऱ्या क्षणाला खेळाचं नाव पडद्यावर.

पोरगं दचकलं. "झालं? लोडिंग?"

"नाही."

"अपडेट?"

"नाही."

"लॉगिन? जाहिरात?"

"काही नाही रे."

"लाईफ संपल्या तर जाहिरात बघून मिळत नाहीत का?"

"संपल्या म्हणजे संपल्या."

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "डेंजर आहे." मी त्याला सांगितलं की अख्खा मारिओ, बत्तीस टप्पे, राजकन्या, किल्ले, गाणं, सगळं मिळून ४० केबीत बसलंय, आणि त्या मूळ जपानी मशीनची कामाची मेमरी अवघी २ केबी. आमच्या मावशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तो गुलाबाच्या फुलाचा ‘सुप्रभात’ याच्या कितीतरी पट जड असतो आणि त्यात उडी पण मारता येत नाही.

"पप्पा, आता एका लाईफमध्ये करून दाखवा."

सेकंड प्लेअर ठरल्याप्रमाणे मोठ्यानं खोकला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यात माझी बोटं मंत्र म्हणून मोकळी झाली. पण त्याची पोरगी बारीक नजरेची. "काका, तुमच्या मागं इतक्या लाईफ कशा?"

"जुन्या मशीनमध्ये जास्त मिळायच्या," मी म्हणालो.

पहिलं जंगल. मी पाचव्या सेकंदाला मेलो. हे कारण देत नाही, पण चष्मा लावला तर पडदा पुसट आणि काढला तर गोळ्या पुसट. आणि त्या गोळ्या म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. शिवाय रिमोट. त्याचे कोपरे चौकोनी. लहानपणी तळव्याला घट्टे पडायचे ते अभिमानानं दाखवायचो, आता दहा मिनिटांत अंगठा सुजला. ‘एस’ची बंदूक मिळाली, पाच गोळ्या पंख्यासारख्या सुटायला लागल्या आणि मी उत्साहानं ओरडलो, तेव्हा पुन्हा मेलो. बंदूक गेली. पोरगं शांतपणे म्हणालं, "ही एक लाईफ झाली का पप्पा?"

"ही सरावाची."

सरावाच्या सतरा झाल्या. सेकंड प्लेअरच्या एकवीस. सगळ्यात पुढं होते आण्णा, म्हणजे जाजमावर. ते दर वेळी अर्धा सेकंद आधी सांगायचे, "उडी मार, उडी मार," आणि मी त्यांचं ऐकायला वळायचो तेव्हा मरायचो. कसाबसा अड्डा पार झाला आणि धबधबा आला.

आठवी इयत्तेपासूनचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी उडी मारली, पायरी चुकली, खालीच राहिलो. वर सेकंड प्लेअर. त्यानं पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तीन लाईफ उरल्या होत्या.

"थांब," मी म्हणालो.

"कामून?"

"थांब की मर्दा!"

तो वर चढला. मी गायब झालो. पुन्हा आलो, तो पुन्हा चढला. तिसऱ्यांदा चढताना तो हसत होता, अगदी त्या गवतातल्या कुत्र्यासारखं. त्याला खेळ संपवायचाच नव्हता. त्याला एवढंच पाहिजे होतं. माझी शेवटची लाईफ गेली, आणि लाईट गेली.

अंधारात क्षणभर कुणी बोललं नाही. मग कुठून तरी माझ्या पोराचा आवाज: "पप्पा, कुठपर्यंत गेला होता?"

"संपलाच होता," मी म्हणालो.

"राक्षस दिसायला लागला होता," सेकंड प्लेअर म्हणाला. अंधारात त्यानं माझा खांदा चाचपून दाबला.

लाईट आली तेव्हा पडद्यावर पुन्हा खेळांची यादी होती, एक ते नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. पोरानं एक नंबरचा रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. सेकंड प्लेअरच्या पोरीनं दुसरा ओढला, बघितला आणि म्हणाली, "ह्याला स्टार्टचं बटण नाही. मला तो पाहिजे." त्यांचं भांडण सव्वाअकरापर्यंत चाललं. मोबाईल जाजमावर पालथा पडून होता, त्याला कुणी विचारलं नाही.

आठ दिवस हेच. शाळेतून आलं की जंगल, जेवताना जंगल. नवव्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, घरातली सगळी अवजारं-यंत्रं पूजेला मांडली त्यात पोरानं मशीनही मांडलं, रिमोटला हळदीकुंकू लावलं. आणि सीमोल्लंघनाच्या दुसऱ्या दिवशी अडॅप्टर नाहीसा झाला.

"सहामाही जवळ आलीय," आण्णा रेडिओचे सेल बदलत म्हणाले. "कुठं ठेवला ते आठवत नाही."

पोरगं रडकुंडीला आलं. कपाटं उपसली, देव्हाऱ्यामागं बघितलं, आजोबांचे खिसे बघितले. आता तर रेडिओच्या मागंही बघितलं. त्याचा खरा राग असा, की काल तो धबधब्याच्या पुढं गेला होता. "बर्फ आहे पप्पा तिथं! तुम्ही सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीतच असेल ना?"

"असेल म्हणजे काय," मी म्हणालो, आणि त्याच्यासोबत शोधायला लागलो. गेले चार दिवस मी ऑफिसातून आलो की मनापासून शोधतो. माळ्यावर शोधतो, अंगणात शोधतो, पलंगाखाली कमरेचं दुखणं विसरून आडवा होतो. गव्हाची कोठी तेवढी सोडून सगळं घर मी पालथं घातलंय. परवा पहाटे आण्णा त्यात कोपरापर्यंत हात घालून काय करत होते, ते मी पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलं आहे.